दर आठवड्याला तुटणारा कनेक्टर

पणजीच्या हॉटेलातलं बुकिंग म्हापशाच्या हिशेबनिसाच्या गूगल शीटमध्ये आपोआप जावं म्हणून कनेक्टर जोडला, आणि बरोबर ७ दिवसांनी तो बंद पडला? पासवर्ड बदलत बसू नका. गूगल क्लाउडमध्ये कनेक्टरसाठी नोंदवलेलं ॲप 'एक्स्टर्नल' (कंपनीबाहेरच्या खात्यांनाही खुलं) असून 'टेस्टिंग'मध्येच (चाचणीच्या स्थितीत) राहिलं, तर रिफ्रेश टोकन, म्हणजे पुन्हा लॉगिन न करता जोडणी चालू ठेवणारी डिजिटल चावी, ७ दिवसांत संपतं. ॲपचा गूगल क्लाउड प्रोजेक्ट कंपनीच्या गूगल वर्कस्पेसखाली (कंपनीच्या गूगल खात्यांखाली) असेल तर 'इंटर्नल' (फक्त कंपनीतल्या खात्यांसाठी) निवडा; नसेल तर ॲप 'प्रॉडक्शन'मध्ये (प्रत्यक्ष वापराच्या स्थितीत) न्या. मग परवानगी नव्याने द्या, संपलेलं टोकन काही जिवंत होत नाही. 'रीडायरेक्ट यूआरआय मिसमॅच' अशी चूक आली, म्हणजे परवानगीनंतर गूगलने परत पाठवायचा वेब-पत्ता जुळला नाही, तर कनेक्टरमधला आणि गूगल क्लाउडमधला पत्ता अक्षर न् अक्षर ताडून पाहा. शेवटी एक तिरकी रेघ जास्तीची असली तरी अडतं. आणि जोडणी कुणा कर्मचाऱ्याच्या खात्यावरून नको, ऑफिसचं वेगळं खातं ठेवा. नोकरी सुटली, खातं बंद झालं, की कनेक्टरही गेलाच.