नाताळात फ्रेंच शिकायला फ्रान्सला जाताय? या चुका टाळा

डिसेंबरच्या सुट्टीत दोन-तीन आठवडे फ्रान्समध्ये राहून फ्रेंच पक्की करायची, हा बेत उत्तमच. पण या दिवसांत घात होतो तो व्याकरणामुळे नव्हे, कॅलेंडरमुळे.

शाळेला तारखा न विचारता विमानाचं तिकीट काढणं, ही पहिली चूक. सार्वजनिक सुट्टी २५ डिसेंबर आणि १ जानेवारीलाच असते, पण बऱ्याच भाषाशाळा मधला आख्खा आठवडा बंद असतात. ज्या चालू असतात तिथे विद्यार्थी कमी, त्यामुळे कधी कधी ए२ (प्राथमिक) आणि बी१ (मध्यम) पातळीची मुलं एकाच वर्गात बसवली जातात. पैसे भरण्याआधी ईमेल करून लेखी उत्तर घ्या: सुट्टीचे तास भरून देणार का, गट भरला नाही तर तास कमी करणार का, आणि तुमचा 'एक तास' ६० मिनिटांचा की ४५? स्ट्रासबुर्गला जाणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. आल्झासमध्ये, म्हणजे स्ट्रासबुर्गच्या प्रांतात, २६ डिसेंबरलाही सुट्टी असते, आणि १५७० पासून भरणारा तिथला प्रसिद्ध नाताळबाजार नोएलच्या (नाताळच्या) आसपास आवरतो. वर्षअखेरीस पोहोचलात तर तो हुकलाच. माझं मत विचाराल, तर डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात वर्ग सुरू करा आणि नोएल एखाद्या कुटुंबात काढा.

व्हिसासाठी शेवटच्या क्षणाची वाट पाहू नका. शेंगेन व्हिसाचा (फ्रान्ससह युरोपातल्या बऱ्याच देशांसाठी चालणारा एकच व्हिसा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. किमान ३० हजार युरोंचं वैद्यकीय विमासंरक्षण लागतंच.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक: स्वस्त पडते म्हणून आपल्याच भाषेच्या दोघा-तिघांसोबत खोली घेणं. शाळा बंद, अंधार पाच वाजता, बाहेर थंडी. मग आठवडाभर तोंडातून फ्रेंचचा शब्द निघत नाही. त्यापेक्षा यजमान कुटुंब निवडा, आणि नोएलच्या दिवसांत ते घरी असणार का, तुम्हाला जेवणात सामील करून घेणार का, हे आधीच विचारून घ्या. २४ तारखेच्या रात्रीचं जेवण, म्हणजे रेव्हेयों, चार-चार तास चालतं. आजी, काका, मुलं, सगळे एकाच वेळी बोलतात. पहिल्या अर्ध्या तासात काहीच कळत नाही आणि माणूस गप्प बसून हसत राहतो. तसं करू नका. शेजारी बसलेल्या एकाच माणसाला धरा. 'व्हू पुव्हे रेपेते?' (पुन्हा सांगाल का?) हे बिनधास्त विचारा. कुणी सोयीसाठी इंग्रजीवर आलं तर 'ज प्रेफेर कोंतिन्युए आं फ्रांसे' (मला फ्रेंचमध्येच बोलायला आवडेल) म्हणा, लोकांना ते आवडतं. शाकाहारी असाल तर फक्त 'मांस खात नाही' म्हणून भागत नाही, मासा पुढे येतो. 'नी व्ह्यांद, नी प्वासों', म्हणजे मांसही नाही आणि मासाही नाही, असं आठवडाभर आधी सांगा.

थंडीवरूनच एक चूक हमखास होते. 'मला थंडी वाजतेय' म्हणताना इंग्रजीच्या वळणाने लोक 'ज स्वी फ्र्वा' म्हणून जातात. ऐकणाऱ्याला वाटतं, हा आपला स्वभाव थंड असल्याचं सांगतोय. फ्रेंचमध्ये थंडी 'असते' तुमच्याकडे: 'जे फ्र्वा'. भूक, तहान, भीती, झोप यांचंही तसंच. दिवसातून दहा वेळा लागणारी ही वाक्यं घरूनच घोकून जा. आकडेही घोका: ७० म्हणजे 'साठ-दहा', ९० म्हणजे 'चार-वीस-दहा'. काउंटरवर रक्कम ऐकून समजत नाही तेव्हा लोक कार्ड पुढे करतात आणि सरावाची आयती संधी घालवतात.

दुकानात शिरताना आधी 'बोंजूर', संध्याकाळी 'बोंस्वार'. थेट 'हे आहे का?' विचारलंत तर समोरचा तुटक बोलतो, आणि आपण समजतो की आपली फ्रेंच वाईट आहे. अनोळखी मोठ्या माणसाला 'व्हू'च (तुम्ही) म्हणा, 'त्यू'वर (तू) यायचं त्यांनाच सुचवू द्या.

२४ तारखेला दुकानं लवकर बंद होतात. मी एकदा सात वाजता सुपरमार्केटच्या खाली ओढलेल्या शटरसमोर उभी होते, खोलीवर फक्त बिस्किटं होती. दुपारपर्यंत दोन दिवसांचं सामान भरा, नेहमीची औषधं सोबत ठेवा, आणि सुट्टीतलं उघडं औषधदुकान शोधायला 'फार्मासी द गार्द' हे शब्द पाठ असू द्या. लूव्र संग्रहालयही २५ डिसेंबर आणि १ जानेवारीला बंद असतं.

परतीचं तिकीट २ जानेवारीचं काढू नका. ६ जानेवारीच्या सुमारास घरोघरी 'गालेत दे र्वा' हा सणाचा केक कापतात. सगळ्यात लहान मूल टेबलाखाली शिरतं आणि कुठला तुकडा कुणाला ते ओरडून सांगतं. तुकड्यात लपवलेली छोटी 'फेव्ह' (इवलीशी मूर्ती) ज्याला सापडते तो राजा. टेबलाखालून आपलं नाव फ्रेंच उच्चारात ऐकू येतं, तेव्हा चटकन ओळखा आणि ताटली पुढे करा.