घाटात मोटरसायकल चालवताना : नजर, वळण आणि उतार

घाटात पुढचा रस्ता जेवढा दिसतो, तेवढ्या अंतरात गाडी पूर्ण थांबवता येईल इतकाच वेग ठेवावा. पुढे येणाऱ्या बहुतेक सूचना या एकाच नियमातून निघतात, म्हणून आधी त्याचा हिशेब पाहू. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे ११ मीटर पुढे सरकते. धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद गेला आणि रस्ता कोरडा व सपाट असला, तर चांगला ब्रेक लावूनही ती साधारण २० मीटरवर थांबते. ताशी ६० किलोमीटरला हेच अंतर ३७ मीटरच्या आसपास जाते, कारण ब्रेक लागल्यानंतरचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. उतारावर त्यात भर पडते आणि ओल्या रस्त्यावर तर ते पुष्कळच वाढते. कातळाला वळसा घालणाऱ्या वळणावर पुष्कळदा २० मीटरसुद्धा दिसत नाहीत. शिवाय रस्ता एकेरी रुंदीचा असेल, तर समोरून येणाऱ्यालाही थांबायला जागा लागते. म्हणून अशा ठिकाणी दिसणाऱ्या अंतराचा निम्माच भाग आपला मानावा.

वळण किती तीव्र आहे हे आधीच ओळखण्याची एक सोपी खूण आहे. रस्त्याच्या दोन्ही कडा दूरवर जिथे एकमेकींना मिळाल्यासारख्या दिसतात, त्या बिंदूवर नजर ठेवावी. आपण पुढे जात असताना तो बिंदूही पुढे पळत असेल, तर वळण उलगडत आहे. तो जागच्या जागी राहून आपल्याकडे सरकत असल्यासारखा वाटू लागला, तर वळण आवळत चालले आहे आणि वेग ताबडतोब कमी करायला हवा. विजेच्या खांबांच्या किंवा झाडांच्या रांगेवरून वळणाचा अंदाज बांधण्याचा मोह होतो, पण तारा दरी ओलांडून सरळ जातात आणि रस्ता भलतीकडे वळतो, त्यामुळे या खुणेवर विसंबू नये.

वेग वळणाच्या आधी, गाडी सरळ उभी असतानाच कमी करावा. गिअरही तिथेच उतरवावा आणि वळणात थ्रॉटल एकसारखा किंचित उघडा ठेवावा. यामागचे गणित नवशिक्याने एकदा तरी पाहावे. २० मीटर त्रिज्येचे वळण ताशी ४० किलोमीटरने घ्यायचे, तर गाडी सुमारे ३२ अंश कलवावी लागते. त्याच वळणावर वेग ताशी ५० झाला, की हा कल ४४ अंशांच्या पुढे जातो. फक्त १० किलोमीटरचा फरक, पण पुष्कळ गाड्यांचे फूटरेस्ट त्याआधीच रस्त्याला घासू लागतात आणि चाकांची पकड जवळजवळ सगळी वळण्यातच खर्ची पडते. अशा वेळी घाबरून पुढचा ब्रेक करकचून दाबला, तर ब्रेकसाठी पकड उरत नाही आणि चाक घसरते.

तरीही कधी वळणात वेग जास्त झालाच, तर थ्रॉटल एकदम सोडू नये. नजर वळणाच्या पुढच्या टोकाकडे वळवावी आणि ज्या बाजूला वळायचे त्या बाजूची मूठ पुढे दाबावी. डावीकडे वळताना डावी मूठ पुढे ढकलली, की गाडी डावीकडे अधिक कलते. हे वाचायला उलटे वाटते, पण बऱ्यापैकी वेगात प्रत्येक दुचाकी अशीच वळते, चालवणाऱ्याला त्याची जाणीव असो वा नसो. मोकळ्या सरळ रस्त्यावर याचा हलका सराव करून मगच घाटात जावे. नजरेचा मुद्दा तर मी मुठीच्याही आधी ठेवीन. कठड्याकडे किंवा समोरच्या बसच्या चाकाकडे पाहत राहिले, की हात आपोआप गाडी तिकडेच नेतात.

रस्त्यावरची जागा ठरवताना चाकांबरोबर डोक्याचाही विचार करावा. जिथे वाहतूक डावीकडून चालते, तिथे उजव्या वळणावर गाडी मधल्या रेषेकडे कलते. चाके रेषेच्या आत असली तरी खांदा आणि हेल्मेट रेषेपलीकडे, म्हणजे समोरून येणाऱ्या ट्रकच्या आरशाच्या वाटेत गेलेले असतात. म्हणून अशा वळणावर चाके रेषेपासून निदान एक मीटर आत ठेवावीत. डाव्या वळणावर मात्र थोडे बाहेरून, आपल्या मार्गिकेच्या उजव्या भागातून शिरल्यास पुढचे जास्त दिसते. जिथे वाहतूक उजवीकडून चालते, तिथे हे सर्व आरशातल्यासारखे उलट समजावे.

हेअरपिन वळण, म्हणजे रस्ता केसांच्या पिनेसारखा जवळजवळ उलट दिशेला फिरतो ते वळण, हा वेगळाच प्रकार आहे. इटलीतील २,७५७ मीटर उंचीच्या स्टेल्व्हिओ खिंडीत एका बाजूच्या चढावर अशी ४८ वळणे आहेत आणि त्यांना क्रमांक दिलेले आहेत. अशा रस्त्यावर पहिली काही वळणे उत्साहात नेटकी घेतली जातात. चूक होते ती पुढे, हात आणि मान दमल्यावर. वळणाची आतली बाजू बाहेरच्या बाजूपेक्षा खूप जास्त चढी असते, त्यामुळे चढताना आतून जाणारी गाडी मध्येच दम तोडते आणि तिथे पाय टेकायला जावे तर जमीन पायापासून लांब असते. म्हणून बाहेरून शिरावे, पहिला किंवा दुसरा गिअर आधीच घ्यावा आणि हनुवटी खांद्याला लागेपर्यंत मान वळवून वरचा रस्ता पाहावा. वरून बस किंवा ट्रक येताना दिसला, तर वळणाच्या अलीकडेच थांबावे, कारण लांब गाडीला वळायला पूर्ण रस्ता लागतो. अरुंद रस्त्यावर चढणाऱ्या वाहनाला आधी वाट देण्याची पद्धत आहे, पण ती समोरच्याला ठाऊक असेलच असे समजून पुढे घुसू नये.

चढापेक्षा उतार अवघड असतो. सुरुवातीच्या एका सहलीत मी लांब उतारावर चौथ्या गिअरमध्ये, उजवा पाय मागच्या ब्रेकवर कायम ठेवून उतरत होतो. जळक्या लायनरचा, म्हणजे ब्रेकमधल्या घासणाऱ्या पट्टीचा, वास आला तेव्हा तो पुढच्या एखाद्या ट्रकचा असावा असे वाटले. पुढे ट्रक नव्हताच. पुढच्या वळणाआधी पेडल नेहमीपेक्षा बरेच खाली गेले आणि तरीही गाडीचा वेग उतरेना. एकेक गिअर उतरवत आणि पुढचा ब्रेक वापरत कशीबशी ती थांबवली, तेव्हा मागच्या ड्रमजवळ हात नेववत नव्हता. तापलेला ड्रम फुगून लायनरपासून दूर जातो आणि लायनरचे घर्षणही कमी होते. डिस्क ब्रेकमध्ये भीती ब्रेक ऑइलची असते. डॉट ४ प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो. ते हवेतील ओलावा शोषत जाते आणि पुरेसे पाणी मुरल्यावर तोच सुमारे १५५ अंशांपर्यंत उतरू शकतो. ऑइल उकळले की त्यात बुडबुडे होतात आणि लिव्हर स्पंजासारखा मुठीपर्यंत येतो. यासाठी ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलावे, आणि मोठ्या घाटाच्या सहलीआधी ते जुने असेल तर नक्कीच.

ज्या गिअरमध्ये चढ चढता येतो, त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा जुना नियम अजूनही उत्तम आहे. वेग इंजिनने रोखावा. ब्रेक ठाम दाबून वेग उतरवावा आणि पूर्ण सोडावा, म्हणजे त्याला गार व्हायला वेळ मिळतो. पेट्रोल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये किंवा इंजिन बंद करून उतरू नये. लिव्हर मऊ लागू लागला, तर तो दोन-तीनदा भरभर दाबून पाहावा, खालचा गिअर घ्यावा, सुरक्षित जागी थांबावे आणि अर्धा तास काही करू नये. तापलेल्या डिस्कवर पाणी तर मुळीच ओतू नये.

घाटात पृष्ठभाग दर वळणाला बदलतो. सावलीतल्या वळणावर सकाळी उशिरापर्यंत ओल आणि शेवाळ राहते, जड वाहनांची चाके कडेची खडी वळणाच्या मध्यावर आणून टाकतात, आणि जिथे कातळातून पाणी झिरपते तिथे खाली दगड पडलेले असण्याचीही शक्यता असते. रंगवलेले पट्टे पावसात निसरडे होतात. धुक्यात दिवा लो बीमवर ठेवावा. हाय बीमचा उजेड धुक्यावरून परत डोळ्यांवर येतो.

गाडीच्या तयारीविषयी थोडक्यात सांगतो. टायरमधील हवा गाडी थंड असताना आणि सामानासह प्रवासासाठी उत्पादकाने सांगितलेल्या दाबाइतकी भरावी. जड सामान खाली आणि शक्य तितके गाडीच्या मध्याजवळ बांधावे. मागच्या कॅरिअरवर उंच रचलेले ओझे चढावर पुढचे चाक हलके करते. सामान बांधल्यावर हँडल दोन्हीकडे पूर्ण फिरवून पाहावे, कारण टाकीवरची बॅग नेमकी हेअरपिन वळणावर हँडलला अडते.

उंचीचा परिणाम गाडी आणि माणूस दोघांवर होतो. दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते, आणि ३,००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ७० टक्केच उरल्याने इंजिनाची ताकदही जवळपास तेवढीच राहते. फ्युएल इंजेक्शन मिश्रण जुळवून घेते, गेलेली ताकद मात्र परत आणू शकत नाही. त्यामुळे ओव्हरटेक करताना सवयीचा अंदाज चुकतो. अडीच हजार मीटरच्या वर डोकेदुखी आणि मळमळ सुरू झाली, तर आणखी वर जाऊ नये. त्रास वाढला तर खाली उतरावे.

देखावा पाहायचा असेल तर थांबूनच पाहावा, आणि तोही वळणावर किंवा वळणाच्या लगेच पुढे नव्हे, तर दोन्हीकडून दिसेल अशा रुंद जागी. गाडी उभी करताना तोंड चढाकडे ठेवून पहिल्या गिअरमध्ये सोडावी. उताराकडे तोंड असेल तर ती पुढे सरकते आणि साइड स्टँड मिटतो. माती भुसभुशीत असेल तर स्टँडखाली सपाट दगड ठेवावा. पुन्हा निघताना मागचा ब्रेक उजव्या पायाने धरून डावा पाय टेकावा आणि क्लच पकडू लागल्यावरच ब्रेक सोडावा. मागे कोणी बसणार असेल, तर त्याने डोंगराच्या बाजूने चढावे. दरीच्या बाजूला गवताखाली जमीन आहे की नाही, हे पाय टाकेपर्यंत कळत नाही.