कमी उंचीच्या गॅरेजमधील कार लिफ्ट: माझा अनुभव
आमच्या नाशिकच्या बंगल्यातील गॅरेज जेमतेम साडेनऊ फूट उंच असल्यामुळे, साधारण 11 ते 12 फूट उंची मागणारी दोन खांबांची लिफ्ट बाजूला ठेवून मी गाडी कमरेइतकी उचलणारी, कात्रीसारख्या उघडमिट करणाऱ्या पायांची सिझर लिफ्ट निवडली. फरशीखाली पोकळी असू शकते, म्हणून तेवढ्या जागेची फरशी काढून सहा इंच जाडीचे काँक्रीट ओतून घेतले आणि 28 दिवसांनंतरच लिफ्ट जमिनीला जखडणारे अँकर बोल्ट बसवले. या कामात घाई मुळीच करू नये.

सुरुवातीला लिफ्ट गचके देत चढे व डावी बाजू मागे राही. लिफ्ट उचलणारे तेल नेणाऱ्या हायड्रॉलिक नळीत हवा अडकली की असे होते. गाडी न चढवता, माहितीपुस्तिकेप्रमाणे सिलिंडरचा हवा सोडण्याचा स्क्रू किंचित सैल करून, फेसाळ तेल थांबून स्वच्छ तेल येईपर्यंत हवा काढली आणि टाकीत तेल भरले, तेव्हा दोन्ही बाजू सारख्या चढू लागल्या.

रबरी ठोकळे गाडीच्या जॅक लावण्याच्या जागांखालीच ठेवावेत, चाके वीतभर उचलल्यावर गाडी हलवून पाहावी आणि लिफ्ट लॉकच्या दातावर टेकवल्याशिवाय कोणीही गाडीखाली जाऊ नये. कारण तेलाचा दाब केव्हाही सुटू शकतो, तेव्हा गाडी पोलादी लॉकच धरून ठेवतो.