डिस्ने वर्ल्डच्या हॉटेलात फक्त जेवायला जाताना गाडी कशी आणि कुठे लावावी

फ्लोरिडातील ऑर्लँडोजवळचे वॉल्ट डिस्ने वर्ल्ड 1971 साली सुरू झाले. आज सुमारे 100 चौरस किलोमीटरच्या या परिसरात चार मोठी थीम पार्क आणि वीसहून अधिक हॉटेले आहेत. या हॉटेलांतील उपाहारगृहांत जेवायला तेथे मुक्काम असण्याची किंवा पार्कचे तिकीट काढण्याची गरज नसते, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. पार्कच्या वाहनतळावर साधी गाडी लावायला दिवसाचे पैसे पडतात. मात्र टेबल आरक्षित करून जेवायला येणाऱ्याला डिस्नेच्या स्वतःच्या हॉटेलांत गाडी विनामूल्य लावता येते. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना, विशेषतः भारतातून आलेल्या आईवडिलांना दिवसभर पार्कमध्ये पायी फिरवणे शक्य नसेल तेव्हा, ही सोय फार उपयोगी पडते. ती नीट मिळावी म्हणून पुढील क्रमाने तयारी करावी.

सर्वप्रथम हॉटेल निवडताना जेवणाबरोबर वाहनतळाचाही विचार करावा. कंटेम्पररी, पॉलिनेशियन आणि ग्रँड फ्लोरिडियन ही तीन हॉटेले मोनोरेलने मॅजिक किंग्डम या पार्कशी जोडलेली आहेत आणि कंटेम्पररीहून तर त्या पार्कच्या दारापर्यंत चालतही जाता येते. पार्किंगचे पैसे वाचवून पार्कमध्ये जाऊ पाहणारे येथे गाडी लावतात, त्यामुळे येथील फाटकावर चौकशी सर्वांत कडक असते. त्याउलट अ‍ॅनिमल किंगडम लॉज कोणत्याही पार्कपासून चालत जाण्याच्या अंतरावर नाही, आणि पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी तेच सुचवीन. तेथील ‘सना’ या उपाहारगृहात आफ्रिकी पदार्थांवर भारतीय मसाल्यांचा संस्कार केलेला असतो. नान, कुलचा, पराठा अशा पोळ्यांबरोबर वाट्यांमधून येणाऱ्या चटण्या, लोणचे आणि काकडीची कोशिंबीर यांवर शाकाहारी माणसाचेही पोट भरते, आणि खिडकीबाहेर जिराफ व झेब्रे चरत असतात. एक बारकावा मात्र ध्यानात ठेवावा. या लॉजच्या जांबो हाउस आणि किदानी व्हिलेज अशा दोन इमारती आहेत. ‘सना’ किदानीत आहे आणि ‘बोमा’ हे दुसरे उपाहारगृह जांबो हाउसमध्ये. किदानीच्या इमारतीखालीच छपराखालचे वाहनतळ असल्याने पावसाळी दुपारी भिजावे लागत नाही. जांबोकडे गाडी लावून ‘सना’ शोधत निघालेल्या ज्येष्ठांची मात्र उगाच पायपीट होते.

त्यानंतर आरक्षण करावे. ते 60 दिवस आधी खुले होते आणि लोकप्रिय उपाहारगृहांच्या संध्याकाळच्या वेळा लवकर भरतात. जो गाडी चालवणार आहे किंवा निदान गाडीत असणार आहे, त्याच्याच नावावर आरक्षण असावे, कारण फाटकावर नाव आणि ओळखपत्र यांचा मेळ पाहिला जातो. येणे रद्द झाले तर आरक्षण वेळेत काढून टाकावे. न कळवता गैरहजर राहिल्यास बहुतेक ठिकाणी माणशी दंड आकारला जातो.

निघताना नकाशात पार्कचे नाव न घालता हॉटेलचे पूर्ण नाव घालावे. ‘मॅजिक किंग्डम’ असे घातले, तर रस्ता आपल्याला पार्कच्या पार्किंगचे पैसे घेणाऱ्या नाक्याकडे नेतो. शेवटच्या टप्प्यात फोनपेक्षा रस्त्यावरच्या पाट्यांवर भरवसा ठेवावा आणि हॉटेलांकडे जाणारी मार्गिका आधीच धरावी. आरक्षणाच्या वेळेच्या 30 ते 45 मिनिटे आधी फाटकावर पोहोचणे योग्य. फार लवकर गेल्यास रक्षकाला शंका येऊ शकते आणि उशीर झाला तर टेबल हातचे जाऊ शकते.

फाटकावर काच खाली करून, कोणत्या उपाहारगृहात किती वाजताचे आरक्षण आहे ते आपणहून सांगावे. ओळखपत्र हाताशी ठेवावे आणि आरक्षणाचे पान फोनवर उघडून ठेवावे. बहुतेक वेळा मिनिटभरात काम होते. कधी कधी रक्षक गाडीच्या पुढच्या काचेत ठेवायला कागद देतो आणि त्यावर थांबण्याची मुदत असते. ती मुदत पाळावी, कारण ही जागा मुक्कामी पाहुण्यांसाठी राखलेली असते. गाडी इथे लावून दिवसभर पार्कमध्ये जाण्याचा बेत अनेकजण आखतात. माझ्या मते तो सरळ गैरवापर आहे, आणि त्याचीच झळ पुढे खरोखर जेवायला येणाऱ्यांना कडक चौकशीच्या रूपाने बसते. पार्क पाहायचेच असेल तर पार्कचे पार्किंग घ्यावे; ते एकदा घेतले की त्या दिवशी चारही पार्कांत चालते.

आरक्षणाशिवाय, काउंटरवरून काही घेऊन खाण्यासाठी गेलात तरी एरवी आत सोडतात. पण नाताळ, नववर्ष आणि 4 जुलैच्या सुमारास, विशेषतः मोनोरेलवरील हॉटेलांत, परत पाठवले जाण्याची तयारी ठेवावी. पूर्वी अशा दिवशी डिस्ने स्प्रिंग्ज या डिस्नेच्या खरेदी-खाण्याच्या भागातील बहुमजली वाहनतळात विनामूल्य गाडी लावून तेथून हॉटेलाकडे जाणारी डिस्नेची बस कोणालाही पकडता येई; आता ती हॉटेलात मुक्काम किंवा आरक्षण असलेल्यांनाच मिळते. बसलाही पैसे पडत नाहीत, मात्र वाट पाहण्यासकट तासभर हाताशी ठेवावा.

फोर्ट वाइल्डरनेस या डिस्नेच्या कॅम्पिंगच्या जागेची रीत वेगळी आहे. तेथे जेवायला येणाऱ्याने गाडी प्रवेशाजवळच्या तळावर लावायची आणि आतल्या बसने पुढे जायचे असते, त्यामुळे वेळेचा हिशेब अर्ध्या तासाने वाढवावा. यॉट क्लब आणि बीच क्लब यांचे वाहनतळ एकच आहे. जेवण कोणत्याही बाजूला असले तरी फाटक तेच. व्हॅले घेतल्यास, म्हणजे गाडी नोकराच्या हाती दिल्यास, त्याचे शुल्क वेगळे पडते आणि वर बक्षिशी देण्याचा रिवाज आहे.

स्वान आणि डॉल्फिन ही हॉटेले डिस्नेच्या परिसरात असली तरी डिस्ने ती चालवत नाही, आणि तेथे पार्किंगला पैसे पडतात. उपाहारगृह पार्किंगच्या पावतीवर सूट देते का, हे आरक्षण करतानाच विचारून घ्यावे. देत असल्यास बिल मागवतानाच पावती वाढप्याच्या हाती द्यावी, म्हणजे बाहेर पडताना अडवणूक होत नाही.