हळदीत पाणी तुंबलंय? औषधाआधी चर काढा

मिरज, पलूस, वाळवा भागातल्या हळदकऱ्यांना हात जोडून सांगणं आहे. पावसाने उघडीप दिली की कृषी सेवा केंद्रात जाण्याआधी खोरं घेऊन रानाच्या खालच्या टोकाला जा आणि चराचं तोंड मोकळं आहे का ते बघा. बाकीचं नंतर.

कंदकुजीने गेलेली रानं मी दरवर्षी बघतो. गेल्या पावसाळ्यात एका प्लॉटमध्ये वरच्या सऱ्या हिरव्यागार होत्या, पण खालच्या सात-आठ सऱ्यांत पानांचे शेंडे आणि कडा वाळलेल्या. एक फुटवा धरून हलकाच ओढला, तर तो अख्खा हातात आला. बुंधा काळपट पडलेला, गड्डा दाबल्यावर घाण वासाचं पाणी निघालं. बांधालगतचा जुना चर बुजवून तिथे उसाच्या दोन सऱ्या वाढवल्या होत्या. तोवर तीन महागड्या आळवण्या (औषधाचं पाणी बुंध्याशी ओतणं) झाल्या होत्या. दुकानदाराने ह्युमिक दिलं, टॉनिक दिलं, पण पाणी कुठे जातंय हे विचारलं नाही. मुळांना हवाच मिळत नसेल तर कोणतंही औषध लागू पडत नाही.

पूर्वी झड लागायची, पाणी हळूहळू मुरायचं. आता आठवड्याचा पाऊस एका रात्रीत पडतो आणि आपले चर मात्र दरसाल अरुंद होत चाललेत. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली. धोक्याची पातळी 45 फूट आहे. तेवढा पूर आला की ओढ्यांना फूग येते, म्हणजे नदीचं पाणी ओढ्यात मागे चढतं, तेव्हा चर असूनही पाणी रानात शिरतं, ते आपल्या हातात नाही. पण नदी उतरल्यावर चराचं तोंड उघडं असलेलं रान लवकर मोकळं होतं आणि बुजलेल्या रानात आठ-आठ दिवस डबकं राहतं. हळद तेवढं सोसत नाही. शिवाय पाणी असंच साठत राहिलं की काळी जमीन चोपण होते, म्हणजे क्षार साठून घट्ट आणि निचरा न होणारी बनते. नदीकाठची किती रानं त्यापायी पडून आहेत, हे तुम्ही रोज बघताच.

चर सरीच्या तळापेक्षा वीतभर तरी खोल हवा, ढाळ थेट ओढ्यापर्यंत. तो एकट्याने होत नाही. वरच्याने काढला आणि खालच्याने अडवला तर दोघांचंही जातं. भाऊबंदकी बाजूला ठेवा, चार जण मिळून जेसीबीचे तास वाटून घ्या.

इतर कामं: तण काढणे. वापसा आल्यावर (जमीन कामाजोगी सुकल्यावर) भरणी, म्हणजे बुंध्याला माती लावणे. उघडे गड्डे मातीने झाकणे. पाणी साचलेलं असताना युरिया बंद.

कंदमाशीसाठी (हिच्या अळ्या गड्डे पोखरतात) एकरी 2 ते 3 पसरट भांडी ठेवा. प्रत्येकात 200 ग्रॅम भरडलेलं एरंडीचं बी आणि 1 ते 1.5 लिटर पाणी. 8-10 दिवसांत वास सुटतो आणि माश्या त्यात पडून मरतात. खर्च नगण्य, म्हणून कुणी सांगत नाही.

कंदकुज दिसली तर आधी पाणी काढा, मग कॉपर ऑक्सिक्लोराईड (50%) लिटरला 5 ग्रॅम घेऊन बुंध्याशी आळवणी करा. रोग नसेल तर एकरी 2 ते 2.5 किलो ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) 250 ते 300 किलो कुजलेल्या शेणखतात मिसळून द्या. दोन्ही एकदम नको, बुरशीनाशकाने ट्रायकोडर्माही मरतो.

माझा एक अंदाज आहे, शिफारस नव्हे: पाऊस थांबल्यावर दुसऱ्या सकाळी सरीत पाय घोट्यापर्यंत रुतत असेल, तर त्या सरीत पंधरवड्यात पानं पिवळी पडतात. त्या सरीला आजच काठी रोवून खूण करा आणि चर तिथूनच काढायला घ्या.