‘द एज ऑफ इनोसन्स’ कसा पाहावा

मार्टिन स्कॉर्सेसी यांचा ‘द एज ऑफ इनोसन्स’ (१९९३) पाहताना संवादांपेक्षा फुले, हातमोजे, आमंत्रणे आणि जेवणाच्या टेबलावरील जागा यांच्याकडे अधिक लक्ष द्यावे; कारण हा चित्रपट १८७०च्या दशकातील न्यूयॉर्कच्या ज्या उच्चभ्रू वर्तुळात घडतो, तेथे मनातले उघड बोलणे हाच असभ्यपणा समजला जात असे.

कथासूत्र आधी ठाऊक असल्याने रसभंग होत नाही. वकील न्यूलंड आर्चरचा विवाह मे वेलंडशी ठरलेला असताना, पोलिश सरदार नवऱ्याला सोडून युरोपातून परतलेल्या तिच्या मामेबहिणीकडे, एलेनकडे, तो ओढला जातो. उपशीर्षके मात्र अवश्य लावावीत, कारण जोअ‍ॅन वुडवर्ड यांच्या आवाजातील निवेदन संथ भासले तरी त्यातला उपरोध सहज निसटतो.

आरंभीच्या ऑपेरात रंगमंचापेक्षा प्रेक्षकांच्या दुर्बिणी कोणत्या बॉक्सकडे, म्हणजे श्रीमंतांच्या खासगी सज्जाकडे, वळतात हे पाहावे. पुढे एलेनच्या स्वागतासाठी ठरलेल्या भोजनाला एकामागून एक नकार येतात, तेव्हा कोणीही आवाज चढवत नाही. तरीही तो बहिष्कारच असतो, आणि त्या वर्तुळातील सर्वांत प्रतिष्ठित अशा व्हॅन डर लायडन दांपत्याने तिला स्वतःच्या घरी जेवायला बोलावताच तो तितक्याच मुकाट्याने मागे घेतला जातो. न्यूलंड मे हिला रोज लिलीची पांढरी फुले पाठवतो, पण एलेनसाठी पिवळे गुलाब निवडतो आणि त्यासोबत स्वतःचे कार्ड ठेवत नाही. न ठेवलेले ते कार्ड पुष्कळ सांगून जाते.

मधला भाग काहींना रेंगाळलेला वाटेल. घाई करू नये. बग्गीत हातमोज्याची बटणे सोडवण्याचा प्रसंग आधीच्या संयमामुळेच इतका धीट वाटतो.

एलेनच्या निरोपाची मेजवानी हा माझ्या मते चित्रपटाचा खरा कळस आहे. तेथे प्रत्येक जण अत्यंत सौजन्याने वागत असतो आणि त्या सौजन्याचा अर्थ न्यूलंडला हळूहळू उमगत जातो. त्यानंतर चित्रपट पुन्हा पाहावा, आणि या वेळी नजर न्यूलंडवर न ठेवता मेवर ठेवावी: विनोना रायडरने साकारलेली ही ‘भोळी’ मुलगी कोणत्या क्षणी काय ओळखते आणि किती वेळ गप्प राहते, हे तेव्हाच दिसू लागते.