झेंडू, गुलछडी, डेलिया: मेक्सिकोच्या फुलझाडांची जुलै-ऑगस्टमधली कामं

दसऱ्याच्या तोरणातला झेंडू, देवाच्या हारातली गुलछडी म्हणजे निशिगंध, देवळाच्या आवारातला पांढरा चाफा आणि थंडीत कुंड्यांमधून डोलणारा डेलिया, ही सगळी मूळची मेक्सिकोची झाडं. लागवड करताना हे लक्षात ठेवलं तर निम्म्या चुका टळतात. मध्य मेक्सिकोच्या पठारावर आपल्यासारखाच जून ते ऑक्टोबर पाऊस असतो आणि पुढे कोरडी थंडी. पण तो पाऊस कोकण-घाटमाथ्याच्या मानाने बेताचा, आणि जमीन उताराची. त्यामुळे ही झाडं पावसावर वाढतात, यातली काही दिवस लहान होऊ लागले की फुलतात, आणि मुळाशी पाणी साचलं की कुजतात.

आत्ता सगळ्यात महत्त्वाचा झेंडू. पुएब्ला राज्यातल्या आत्लिस्को भागात १ आणि २ नोव्हेंबरच्या मृतांच्या सणासाठी शेतंच्या शेतं केशरी होतात; आपल्याकडे तीच फुलं दसरा-दिवाळीला लागतात. यंदाचा दसरा कधी आहे ते पाहा, तिथून मागे ८५ ते ९० दिवस मोजा आणि त्या सुमारास बी टाका. रोपवाटिकेत ज्याला आफ्रिकन झेंडू म्हणतात तोच हा मोठ्या फुलांचा. 'पुसा नारंगी' आणि 'पुसा बसंती' या जाती घरच्या बागेला चांगल्या, पण त्यांना फुलायला यापेक्षा जास्त दिवस लागतात.

बी ट्रेमध्ये टाकून वर बोटाच्या पेरापेक्षाही कमी माती पसरा आणि ट्रे पागोळ्यांपासून लांब ठेवा. आठवड्याभरात उगवण दिसते, तीन-चार आठवड्यांत रोप लावणीला येतं. जमिनीत लावायचं तर वीतभर उंचीचा गादीवाफा करून दीड फुटावर रोपं लावा. कुंडी १० ते १२ इंची घ्या: दोन भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत, एक भाग जाड वाळू. युरियाचा हात आवरता घ्या. नत्र जास्त झालं की झाड हिरवंगार माजतं आणि ऐन सणाला कळ्या मोजक्याच राहतात.

रोप वीतभर झालं की शेंडा खुडा. सुंदर वाढणाऱ्या रोपाचा शेंडा तोडायला हात धजत नाही, तरी खुडाच. बगलेतून फांद्या फुटतात आणि फुलांची संख्या वाढते. बहर थोडा लांबतो, म्हणून लावण उशिरा झाली असेल तर मात्र शेंड्याला हात लावू नका. पावसाने उघडीप दिली आणि पानं निस्तेज, फिकट ठिपक्यांची दिसू लागली, तर पानाखाली पांढरा कागद धरून वर टिचकी मारा. कागदावर तांबूस ठिपके चालताना दिसले की तो लाल कोळी. पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा मारा, दोन दिवसांनी पुन्हा मारा, मग निंबोळी अर्क. काळी पडून कुजलेली कळी झाडावर ठेवू नका.

टोमॅटो-वांग्याच्या वाफ्याकडेला झेंडू जरूर लावा. मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींना त्याची मुळं आवरतात.

गुलछडीचे कंद उन्हाळ्याच्या शेवटी लावले असतील तर आता फक्त निचरा आणि खुरपणी बघा. लावणीपासून साधारण तीन महिन्यांनी दांडे येतात. खालची पहिली जोडी उमलली की दांडा कापा. एकदा फुललेला कंद पुन्हा फुलत नाही, पुढचा बहर त्याच्या पिल्लांवर येतो. म्हणून फुलं संपली तरी गड्डा उपटू नका.

डेलियाची घाई नको. १९६३ पासून मेक्सिकोचं राष्ट्रीय फूल असलेलं हे झाड उंच, थंड भागातलं आहे. रोपं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लावा आणि लावतानाच शेजारी काठी रोवा. नंतर रोवलेल्या काठीने मूळकंद फुटतात.

झिनिया आता जागेवरच पेरता येतो. दाटीत हवा खेळली नाही की पानांवर भुरी येते आणि पानं ओली राहिली की ठिपके पडतात, तेव्हा दाटी करू नका आणि पाणी सकाळी, मुळाशी घाला.

पिवळ्या-केशरी कॉसमॉसबद्दल मात्र कळकळीची विनंती आहे. हाही तिकडचाच, उगवायला अत्यंत सोपा आणि म्हणूनच धोक्याचा. पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर तो आज माजला आहे आणि तिथल्या स्थानिक रानफुलांची जागा खातो आहे. बागेत लावलात तर वाळलेली बोंडं बी गळण्याआधी खुडा. ट्रेकला जाताना 'डोंगर फुलवू' म्हणून त्याचं बी सोबत नेऊ नका, आणि कासच्या पठाराच्या आसपास तर चुकूनही टाकू नका. डोंगराळ भागात घर असेल तर हे फूल लावूच नका. त्याऐवजी झेंडूचा रंग पुरेसा आहे.

पॉइन्सेटियाची कुंडी असेल तर तिची जागा आत्ताच ठरवा. सप्टेंबरअखेरपासून तिला रोज रात्री सलग १४ तास अंधार लागतो. गॅलरीतला दिवा किंवा रस्त्यावरचा खांब तिच्यावर उजेड पाडत असेल तर पानं लाल होत नाहीत. छाटणी ऑगस्टच्या मध्यापर्यंत उरका, आणि चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका.